उलट्या ट्रॅक्टरचे वळण

घर बदलताना लोखंडी कपाट जिन्यावरून वर चढवताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या लेखाचा अर्धा विषय आधीच ठाऊक आहे. तळमजल्यावर चार माणसे ते कपाट एका हाकेसरशी उचलतात. पहिल्या आठ-दहा पायऱ्या झपाट्याने सरतात. मग जिन्याचे वळण येते आणि अचानक सल्लागार वाढतात. "तुमची बाजू जरा वर घ्या", "अहो, आधी मागे या", "कठडा सांभाळा" असा गलका होतो आणि कपाट अर्धा तास तिथेच अडून बसते. त्याचे वजन तळमजल्यावर होते तेवढेच वळणावरही असते. पण ओझे उचलणे वेगळे आणि उचललेले ओझे घेऊन वळणे वेगळे. पहिल्याला ताकद लागते. दुसऱ्याला जागा लागते, तोल लागतो आणि आपण कशावर उभे आहोत याचे भान लागते.

आज मी ज्या यंत्राबद्दल लिहितो आहे, त्याचे सगळे आयुष्य अशा वळणावर जाते. त्यातून त्याच्या पायाखाली जिन्याच्या पक्क्या पायऱ्याही नसतात. चिखल, खडी, उखणलेले रान, नुकत्याच भरलेल्या पायाची कड अशा जमिनीवर ते दोन-अडीच टनांचे ओझे उचलते, वळते आणि मजलाभर उंचीवर नेऊन अलगद ठेवते. रफ टेरेन फोर्कलिफ्ट हे त्याचे नाव. खडबडीत जमिनीवर चालणारी फोर्कलिफ्ट म्हटले की पुरे.

मी इंजिनिअर नाही. उमेदीची वर्षे बँकेत काढली आणि रात्री कादंबऱ्या लिहिल्या. पण लघुउद्योगांना कर्ज देणाऱ्या खात्यात बसले की यंत्रे आपोआप ओळखीची होतात. ज्यासाठी पैसे द्यायचे ते यंत्र काय करते, किती वर्षे करील आणि विकायची वेळ आली तर त्याचे काय येईल, एवढे तरी समजून घ्यावेच लागते. समजून घेता घेता काही यंत्रांशी जिव्हाळा जडतो. कादंबरीकाराला जशी काही पात्रे सोडत नाहीत, तसे हे यंत्र मला सोडत नाही. कारण त्याचा प्रत्येक गुण त्याच्याच एखाद्या भीतीशी बांधलेला आहे.

आधी साध्या फोर्कलिफ्टची गोष्ट. गोदामात किंवा रेल्वेच्या मालधक्क्यावर ती बहुतेकांनी पाहिलेली असते. पुढे दोन लांब लोखंडी फोर्क, ते वरखाली नेणारा उभा मास्ट, मध्ये चालक आणि मागे जडशीळ ओतीव लोखंडाचा गोळा. पुढच्या ओझ्याला मागच्या वजनाने तोलून धरायचे, हा तिचा साधा हिशेब. मुले बागेत सी-सॉ खेळतात तोच. पुढची चाके म्हणजे सी-सॉचा मधला टेकू.

या यंत्राची वंशावळ फार जुनी नाही. १९१७ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ब्यूकॅनन गावी क्लार्क या कंपनीने स्वतःच्या कारखान्यात माल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेण्यासाठी एक चाकांची गाडी केली. तिला त्यांनी नाव दिले 'ट्रक्ट्रॅक्टर'. पुढे तिला उचलणारे हात आले, मास्ट आला. दुसऱ्या महायुद्धात रसद हलवण्यासाठी हजारो फोर्कलिफ्ट लागल्या आणि लाकडी पॅलेटवर माल रचून तो पॅलेटसकट उचलायची रीत जगभर पसरली. मात्र या सगळ्या प्रवासात एक अट कायम राहिली. पायाखाली सपाट, टणक फरशी हवी. चाके लहान, यंत्राचे पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटे ते वीतभर वर. गोदामाच्या दारातून बाहेर पावसात उतरली की बाईसाहेबांचे चाक रुतलेच.

साध्या फोर्कलिफ्टची दुसरी खासियत तिच्या वळण्यात आहे. मोटार पुढच्या चाकांनी वळते, फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी. ओझ्याचा भार पुढच्या चाकांवर असतो. त्या भाराखाली दबलेली चाके वळवणे अवघड, म्हणून वळवायचे काम मागच्या हलक्या चाकांकडे दिलेले असते. ही मागची चाके खूप जास्त कोनात वळतात, त्यामुळे यंत्र पुढच्या आतल्या चाकाभोवती जवळजवळ जागच्या जागी गरकन फिरते. गावाकडे अरुंद बोळात बैलगाडी वळवताना एक बैल आवरून धरतात आणि दुसऱ्याला पुढे घालतात. एक चाक जागेवर फिरते आणि दुसरे त्याच्याभोवती फेर धरते. फोर्कलिफ्टचे वळण त्याच जातीचे.

पण मागच्या चाकांनी वळण्याला एक किंमत आहे. मोटार डावीकडे वळली की आधी तिचे नाक डावीकडे जाते. फोर्कलिफ्ट डावीकडे वळताना तिची पाठ उजवीकडे फेकली जाते. चालकाचे लक्ष पुढच्या ओझ्यावर आणि शेपूट मात्र मागे उभ्या असलेल्या माणसाच्या दिशेने. ज्या कारखान्यात शिस्त आहे, तिथे फोर्कलिफ्टच्या मागे-बाजूला कोणी उभे राहत नाही, ते यासाठी.

आता फ्रान्समध्ये जाऊ. महायुद्धानंतर युरोपात घरे, कारखाने, पूल नव्याने उभे राहत होते. बांधकामावर विटा, लाकूड, सिमेंट यांचे ढीग येऊन पडत आणि तिथली जमीन गोदामाच्या फरशीसारखी नक्कीच नव्हती. पश्चिम फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी आन्सनी नावाचे गाव आहे. तिथे मार्सेल ब्रो या गृहस्थांचा बांधकामाच्या यंत्रांचा कौटुंबिक उद्योग होता. १९५८ साली ब्रो यांनी एक कल्पना लढवली. कल्पना इतकी साधी, की आपल्याला का सुचली नाही असे वाटावे. त्यांनी शेतीचा ट्रॅक्टर घेतला आणि चालकाची बैठक उलटी फिरवली.

ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा. मागे दोन प्रचंड चाके, इंजिनाची ताकद त्यांना मिळते. पुढे दोन लहान चाके, ती वळतात. इंजिन पुढच्या बाजूला. आता चालकाने पाठ फिरवून मागे तोंड करून बसायचे आणि मागच्या मोठ्या चाकांवर मास्ट उभारायचा. झाले! आता मोठी, ताकदीची चाके पुढे, बरोबर ओझ्याखाली आली. वळणारी लहान चाके मागे गेली, फोर्कलिफ्टला हवी तशी. आणि जड इंजिन मागे जाऊन ओझ्याला तोल देणारे वजन बनले. एका बैठकीच्या फेऱ्यात तीन कामे झाली. वर ट्रॅक्टरची मोठ्या नक्षीची चाके, ती तर चिखलासाठीच जन्मलेली. याच उलट्या ट्रॅक्टरातून 'मॅनिटू' या कंपनीचे नाव जगभर गेले.

मोठ्या चाकांनी यंत्राचे पोट जमिनीपासून उंच गेले, दगडधोंडे खालून निघून जाऊ लागले. पण इथूनच देण्याघेण्याचा हिशेब सुरू होतो. चाके मोठी झाली की ती फार कोनात वळवता येत नाहीत, कारण ती यंत्राच्या अंगाला घासतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतरही वाढते. म्हणून अडीच टन उचलणारी गोदामातली फोर्कलिफ्ट साधारण सव्वादोन मीटर त्रिज्येत वळत असेल, तर तेवढेच ओझे उचलणाऱ्या तिच्या रानटी बहिणीला तीन मीटरहून जास्त जागा लागते. चिखलात चालायची ताकद मिळाली, त्याबदल्यात चपळाई थोडी गेली. पुढची सगळी वर्षे इंजिनिअर मंडळी ही चपळाई परत मिळवण्याच्या मागे लागलेली दिसतात.

पहिला उपाय चारही चाकांना ताकद देण्याचा. ओझे पुढे असताना पुढची चाके जमीन घट्ट धरतात. ओझे उतरवले की सगळे वजन मागे जाते, पुढची चाके हलकी होतात आणि चिखलात नुसतीच गरगरतात. म्हणून मागच्या चाकांनाही इंजिनाची ताकद द्यायची. पण अनेक यंत्रांत ही सोय हवी तेव्हा जोडायची आणि नको तेव्हा सोडायची असते. वळताना पुढची चाके वेगळे अंतर कापतात, मागची वेगळे. चिखलात चाक थोडे घसरून तो फरक मिटवते. टणक डांबरावर चाकाला घसरायला जागा नसते, तेव्हा तो ताण दातेरी चक्रांवर येतो आणि टायर झिजतात.

दुसरा उपाय डिफरन्शियल लॉकचा. कुठलीही गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त धावावे लागते. वारीतले रिंगण आठवा. बाहेरच्या कडेने पळणाऱ्याला आतल्यापेक्षा जास्त पळावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणेला डिफरन्शियल म्हणतात. पण तिची एक खोड आहे. एक चाक निसरड्या चिखलात गेले, की सगळी गती त्या निकम्म्या चाकाला मिळते आणि कोरड्या जमिनीवरचे शहाणे चाक स्वस्थ बसते. लॉक लावला की दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि यंत्र खड्ड्यातून निघते. मात्र लॉक लावलेला असताना वळायचे नाही. सरळ निघायचे, लॉक सोडायचा, मग वळायचे.

तिसरा उपाय यंत्राला कंबर देण्याचा. काही यंत्रे मधोमध सांध्यावर वाकतात. चाके आपापल्या जागी सरळच राहतात, सगळे धूडच हायड्रॉलिक दट्ट्यांच्या जोराने कमरेत मुरडते. मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून येतात, त्यामुळे चिखलात दोनच चाकोऱ्या पडतात, चार पडत नाहीत. पण कमरेत वाकलेला माणूस जसा हातात जड बादली धरून फार वेळ उभा राहू शकत नाही, तसेच या यंत्राचे आहे. सरळ उभे असताना ते जेवढे वजन पेलते, तेवढे पूर्ण वाकल्यावर पेलत नाही.

चौथा उपाय सर्वात देखणा. त्यासाठी मास्टऐवजी दुर्बिणीसारखा लांब होणारा हात असलेले यंत्र पाहावे लागेल. त्याला टेलिहँडलर म्हणतात. आपल्याकडे कुठल्याही माती खणणाऱ्या यंत्राला सरसकट 'जेसीबी' म्हणतात. त्याच्यातून गुलाल आणि फुले उधळून पुढाऱ्यांचे स्वागत करायची प्रथाही आपण पाडली आहे. ही इंग्लंडमधली कंपनी जोसेफ सिरिल बॅमफोर्ड यांनी १९४५ साली सुरू केली आणि १९७७ साली तिने 'लोडऑल' नावाचा टेलिहँडलर आणला. अशा यंत्रांच्या आजच्या पिढीत चालकासमोर वळण्याचे तीन प्रकार असतात. रस्त्यावरून जाताना फक्त दोन चाके वळतात, मोटारीसारखी. अरुंद जागेत चारही चाके वळतात, पुढची एकीकडे आणि मागची उलट दिशेला, म्हणजे यंत्र लहानशा वर्तुळात फिरते. आणि तिसरा प्रकार म्हणजे चारही चाके एकाच दिशेला वळवायची. मग यंत्राचे तोंड समोरच राहते आणि सगळे अंग तिरपे सरकत जाते. इंग्रजीत या चालीला खेकड्याचेच नाव दिले आहे. कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. भिंतीला लागून ओझे ठेवायचे असेल आणि मागेपुढे करायला जागा नसेल, तर ही खेकड्याची चाल उपयोगी पडते. एक प्रकार बदलून दुसरा घेण्यापूर्वी चारही चाके सरळ करून घ्यायची असतात. नाहीतर यंत्राला एक म्हणायचे असते आणि चाके दुसरेच बोलतात.

यापलीकडे काही बारीक सोयी असतात, त्यांचे महत्त्व चालकालाच कळते. यंत्र न हलवता फोर्क थोडे डावी-उजवीकडे सरकवता येतात. एक खास पेडल असे असते, की ते दाबले की इंजिन जोरात चालू राहते, ओझे भराभर वर जाते, पण चाके मुंगीच्या पावलांनी पुढे सरकतात. काही टेलिहँडलरमध्ये उताराच्या जमिनीवरही यंत्राचे धड चाकांवर थोडे कलते करून सपाटीला आणता येते. मात्र हे हात खाली असताना करायचे. हात उंच गेल्यावर जमीन सरळ करायला जाणे म्हणजे शिडीवर चढल्यानंतर शिडीचा पाय सरकवणे.

इथवर सगळे उपाय यंत्र चपळ करण्याचे. आता त्या चपळाईमागची भीती सांगतो.

खडबडीत जमिनीवर चार पायांचे टेबल डुगडुगते, तीन पायांचे स्टूल डुगडुगत नाही, हे आपल्या आजीलाही माहीत होते. फोर्कलिफ्ट बनवणाऱ्यांनी हेच तत्त्व वापरले. तिचा मागचा आस मधोमध एका खिळीवर झुलता ठेवलेला असतो. त्यामुळे चारही चाके खड्ड्या-उंचवट्यावर जमिनीला टेकून राहतात. पण म्हणजेच हे चार चाकांचे यंत्र खरे तर तीन ठिकाणी उभे असते. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाची मधली खीळ. हे तीन बिंदू जोडले की एक त्रिकोण होतो. यंत्र आणि ओझे यांचा मिळून जो गुरुत्वमध्य, त्याखालचा लंब या त्रिकोणाच्या आत पडतो तोवर सगळे ठीक. तो बाहेर गेला की यंत्र कलंडते.

बँकेच्या भाषेत याला मार्जिन म्हणता येईल. कर्जदार शंभर रुपयांच्या मालावर पंचाहत्तर रुपये उचल घेतो, पंचवीस रुपयांची फट राखलेली असते. भाव पडले तर ती फट आधी जाते. यंत्राच्या बाबतीत ही फट प्रत्येक हालचालीबरोबर कमी-जास्त होते. ओझे उंच गेले, फट कमी. जमीन एका बाजूला कलली, फट आणखी कमी. आणि वळण घेतले, की उरलेसुरले मार्जिन वळणाच्या बाहेरच्या दिशेला ओढले जाते. ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. त्याच वेगात वळण निम्म्या त्रिज्येचे घेतले, तर ओढ दुप्पट. म्हणजे जे यंत्र जास्त लहान जागेत वळू शकते, त्याला तसे वळताना जास्त सावकाश जावे लागते. चपळाई हे तारण आहे, त्यावर अमर्याद उचल मिळत नाही.

ओझ्याचा हिशेबही असाच. यंत्रावर पत्र्याची एक पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर किती वजन, किती उंचीवर आणि फोर्कच्या मुळापासून किती अंतरावर, हे लिहिलेले असते. लोक वजनाचा आकडा वाचतात आणि अंतराचा सोडून देतात. समजा, पुढच्या चाकांच्या मध्यापासून फोर्कचे मूळ अर्धा मीटर पुढे आहे आणि ओझ्याचा मध्य तिथून आणखी अर्धा मीटर पुढे आहे. अशा वेळी यंत्र २,५०० किलो पेलते, म्हणजे ५० किलोच्या सिमेंटच्या ५० गोण्या. आता तेच ओझे लांबट असल्याने त्याचा मध्य पाऊण मीटरवर गेला, तर एकूण अंतर सव्वा मीटर झाले आणि यंत्र २,००० किलोच पेलणार. दहा गोण्या खाली उतरवाव्या लागतील. अंतर केवळ पाव मीटर वाढले होते.

२००९ च्या पावसाळ्यात मी पुण्याजवळ सिमेंटचे ठोकळे करणाऱ्या एका कर्जदाराच्या यार्डात तपासणीला गेलो होतो. काळी माती, त्यावर चार दिवसांचा पाऊस. असली एक वापरलेली फोर्कलिफ्ट त्या चिखलातून ठोकळ्यांच्या थप्प्या नेत होती. चालक चाळिशीचा, नगरकडचा. काम थांबल्यावर मी त्याला म्हटले, "भरलेलं यंत्र या चिखलात वळवताना भीती वाटत असेल नाही तुम्हाला?"

तो हसला. म्हणाला, "साहेब, भरलेल्याची भीती वाटते म्हणून तर माणूस जपून जातो. फसवतं ते रिकामं."

मला नवल वाटले. त्याने चिखलातच काडीने त्रिकोण काढला. पुढे रुंद, मागे टोकदार. "माल असला की वजन पुढं असतं, हिकडं रुंदीत. माल उतरला की सगळं वजन मागं जातं, टोकाकडं. तिथं दोन्हीकडं जागाच नाही. वरनं रिकामं म्हणून माणूस जोरात हाणतो. वळला की गेला."

पाठ्यपुस्तकात चार पाने लागली असती ती गोष्ट त्याने एका काडीने सांगितली. मग तो थोडा वेळ गप्प राहिला. त्याच्या आधीच्या नोकरीतल्या सोबत्याची हकीकत त्याने सांगितली. संध्याकाळची वेळ, रिकामे यंत्र, घाईचे वळण. यंत्र कलंडू लागले तसा तो सोबती बाहेर उडी मारायला गेला. यंत्र त्याच बाजूला पडले आणि डोक्यावरच्या लोखंडी जाळीच्या छताने त्याला धरले. "पट्टा लावून बसून राहिला असता तर खरचटण्यावर निभावलं असतं, साहेब. पण पट्टा कुणी लावायला सांगितलाच नव्हता."

ही एका माणसाची दुर्दैवी कथा नव्हे. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारी नायॉश ही सरकारी संस्था आहे. तिने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या इशाऱ्यात १९८० ते १९९४ या काळात फोर्कलिफ्टच्या अपघातांत मरण पावलेल्या १,०२१ कामगारांचा हिशेब मांडला होता. त्यांत सर्वात मोठा वाटा, २२ टक्के, यंत्र कलंडून झालेल्या मृत्यूंचा होता. यंत्राची धडक पायी चालणाऱ्या कामगाराला बसून झालेले मृत्यू २० टक्के. तोल आणि शेपूट, वर सांगितलेल्या या दोन्ही भीती त्या आकड्यांत दिसतात.

कलंडणाऱ्या फोर्कलिफ्टमध्ये बसलेल्याला शिकवायचे ते अगदी थोडे आहे, पण ते माणसाच्या स्वभावाच्या उलटे आहे. उडी मारायची नाही. पट्टा आधीच लावलेला असावा. स्टिअरिंग घट्ट धरायचे, पाय रोवायचे आणि यंत्र ज्या बाजूला पडते आहे त्याच्या विरुद्ध बाजूला अंग झुकवायचे. पडणाऱ्या वस्तूपासून दूर पळावे हे शरीराला जन्मापासून ठाऊक असते. आत बसून राहावे हे त्याला शिकवावे लागते, तेही पुन्हा पुन्हा. उताराचे नियमही असेच सवयीचे. ओझे असताना ते नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचे, म्हणजे चढताना पुढे तोंड करून जायचे आणि उतरताना मागे मागे यायचे. ओझे नेताना ते जमिनीलगत ठेवायचे. आणि उतारावर आडवे वळायचे नाही.

आपल्या महाराष्ट्रात ओझे हा केवळ यंत्राचा विषय कधीच नव्हता. माथ्यावरून भार वाहणाऱ्याला आपण माथाडी म्हणतो. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी या कष्टकऱ्यांना संघटित केले आणि १९६९ साली त्यांच्यासाठी राज्यात स्वतंत्र कायदा झाला. आजही कितीतरी बांधकामांवर वीट आणि वाळू घमेल्यातून, बायामाणसांच्या डोक्यावरून मजला चढते. तिथे यंत्र आले की काहींच्या हातचे काम जाईल ही चिंता खोटी नाही. मानेचे मणके आणि गुडघे वाचतील हेही खोटे नाही. या वादाचा निकाल लावण्याची माझी पात्रता नाही. मला दिसते ते इतकेच, की डोक्यावरचे ओझे खाली उतरले तरी त्याची जोखीम नाहीशी होत नाही. ती पन्नास माथ्यांवरून उतरून एका चालकाच्या आसनावर जाऊन बसते.

आणि तरीही यंत्र घेताना त्या आसनाचा विचार सर्वात शेवटी होतो. मी शेकडो प्रकल्प अहवाल वाचले. त्यांत यंत्राची किंमत असते, घसारा असतो, विम्याचा हप्ता असतो, डिझेलचा खर्च पैशापर्यंत मांडलेला असतो. चालकाच्या शिक्षणासाठी रकाना क्वचितच दिसायचा. म्हणून असा अर्ज आला की मी एक प्रश्न आवर्जून विचारीत असे, "हे चालवणार कोण?" बहुतेकांचे उत्तर ठरलेले असे. "आपला ट्रॅक्टरवाला आहे ना, तो शिकेल." ट्रॅक्टरवाला हुशार असतो यात शंका नाही. पण पुढच्या चाकांनी वळायची सवय त्याच्या हातात वर्षानुवर्षांची मुरलेली असते. मार्सेल ब्रो यांनी बैठक फिरवली, तशी ही सवयही फिरवावी लागते, आणि ते काम एका दुपारचे नाही.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना फोर्कलिफ्ट विकत घ्यायची असेल, हे मला कळते. पण कोणाचा मुलगा बांधकामाचा ठेकेदार असेल, कोणाचा भाचा गोदामाचा व्यवस्थापक, कोणाच्या सोसायटीशेजारी नवी इमारत उठत असेल. त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. यंत्रावरची पत्र्याची पट्टी वाचता येण्याजोगी आहे का, की चिखलाने आणि रंगाने बुजली आहे. चालकाच्या कमरेला पट्टा आहे का, की तो आसनामागे गुंडाळून ठेवला आहे. आणि यंत्र वळत असताना त्याच्या पाठीमागे कोणी उभे राहते आहे का. या पाहण्याला इंजिनिअर लागत नाही, घरातली चौकस बाईसुद्धा गच्चीतून हे सांगू शकेल.

मराठीत 'वळण' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते आणि मुलाला वळण लावावे लागते. यंत्राचे वळण कारखान्यात ठरते. किती कोन, किती त्रिज्या, किती चाके, ते सगळे कागदावर छापून येते आणि त्याचे पैसे मोजले की ते मिळते. माणसाचे वळण असे विकत मिळत नाही. ते कोणीतरी वेळ काढून, न रागावता, रोज सकाळी पट्टा लावायला लावून लावावे लागते. अडीच टन ओझे हवेत असताना चिखलात जे यंत्राला सावरते, ते हेच वळण.